डबलडेकरचा जिना आणि ऑफिसची खुर्ची

माझे बाबा बेस्टमध्ये कंडक्टर होते. नोकरीची बरीच वर्षं त्यांनी डबलडेकरवर काढली. रात्री घरी आले की खाकी शर्ट खुंटीला अडकवायचे आणि गरम पाण्याच्या बादलीत पाय सोडून बसायचे. त्यांच्या पोटऱ्या हाताला लाकडासारख्या लागायच्या. एका हातात तिकिटांची पेटी, दुसरा हात दांडीला, गाडी वळणावर कलंडलेली आणि हे जिन्याच्या मधल्या पायरीवर, असं त्यांचं काम. दिवसात किती वेळा चढता, असं मी एकदा विचारलं होतं. ‘‘त्याचा हिशेब कोण ठेवतो गं,’’ म्हणाले.

लंडनमध्ये एका माणसाने तो ठेवला होता.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये हृदयविकाराने माणसं दगावण्याचं प्रमाण वाढत चाललं होतं आणि त्याचं कारण नीट उलगडत नव्हतं. जेरी मॉरिस या डॉक्टरांनी माणसांच्या कामातच ते शोधायचं ठरवलं. लंडनच्या दुमजली बसमध्ये त्यांना आयताच एक प्रयोग मांडलेला सापडला. गाडी एक, खातं एक, ड्रायव्हर आणि कंडक्टर दोघांची राहणीही साधारण सारखी. पण ड्रायव्हर पाळीचा जवळपास नव्वद टक्के वेळ बसून, तर कंडक्टर दिवसाला पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढणारा. सुमारे ३१ हजार कर्मचाऱ्यांच्या नोंदी तपासून १९५३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आले. कंडक्टरांना हृदयविकार कमी होत होता, झालाच तर उशिरा होत होता, आणि झटका आल्यावर पहिल्या काही महिन्यांत दगावण्याचं प्रमाण ड्रायव्हरांच्या निम्म्याहूनही कमी होतं. शरीराची हालचाल आणि हृदय यांचा संबंध इतक्या मोठ्या प्रमाणावर प्रथमच आकड्यांत दिसला.

इथे थांबून पाठ थोपटून घेणं सोपं होतं. मॉरिस थांबले नाहीत, म्हणून मला ते आवडतात. मुळातच स्थूल माणसं ड्रायव्हरची नोकरी पत्करत असतील तर? मग दोष खुर्चीचा कसा? हे तपासायला त्यांनी आणि सहकाऱ्यांनी गणवेशाच्या नोंदी काढल्या. कंपनी पँट शिवून द्यायची, त्यामुळे प्रत्येकाच्या कमरेचं माप दप्तरात होतं. शंका खरी निघाली. ड्रायव्हरांच्या कमरा तरुण वयातही कंडक्टरांपेक्षा रुंद होत्या. म्हणजे फरकाचा काही भाग नोकरीच्या आधीपासूनचा होता. पण पुढे बारीक, मध्यम आणि स्थूल असे गट वेगळे काढून पाहिले तरी कंडक्टरांचं पारडं जडच राहिलं.

तरीही एक गाठ सुटत नाही. ड्रायव्हर नुसता बसलेला नसतो. सिग्नल, आडवा येणारा माणूस, मागून हॉर्न, पुढे वेळापत्रक. उशीर झाला तर जाब त्याला, आणि रस्ता मात्र त्याच्या हातात नाही. कंडक्टरला निदान चार माणसांशी बोलता येतं, एखाद्यावर ओरडता येतं. ड्रायव्हरचं हृदय बसण्याने थकलं की ताणाने? बसगाड्यांच्या अभ्यासातून हे दोन धागे वेगळे काढता येत नव्हते.

दुसरा धागा लंडनमध्येच, पण कचेऱ्यांत सापडला. १९६७ पासून ब्रिटिश सरकारी नोकरांचा अभ्यास सुरू झाला. तो ‘व्हाइटहॉल अभ्यास’ म्हणून ओळखला जातो. सगळेच कचेरीतले, पक्क्या नोकरीचे. समज असा होता की झटके यायचे ते साहेबांना, कारण जबाबदारी त्यांच्यावर. निघालं उलटं. मृत्यूचं प्रमाण सगळ्यात खालच्या श्रेणीत सर्वाधिक होतं, सगळ्यात वरच्या श्रेणीच्या जवळपास तिप्पट. धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल हिशेबात धरूनही या फरकाचा मोठा भाग उरत होता. १९८५ पासून मायकेल मारमॉट यांच्या नेतृत्वाखाली १०,३०८ स्त्री-पुरुष कर्मचाऱ्यांचा दुसरा अभ्यास सुरू झाला, आणि त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली: आपलं काम कधी, कसं, कोणत्या क्रमाने करायचं हे ज्यांच्या हातात नव्हतं, त्यांना हृदयविकार अधिक होत होता.

मन आणि शरीर इथे कसे जोडले जातात, हे समजून घेण्यासारखं आहे. साहेबांचा मेल आला, विषयात ‘तातडीचे’ असं लिहिलंय. मेंदूच्या लेखी हा धोका. अ‍ॅड्रेनलिन लगेच सुटतं. त्यामागोमाग मेंदूकडून निघालेला रासायनिक निरोप मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींपर्यंत जातो आणि कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक स्रवतं. यकृत साठवलेलं ग्लुकोज रक्तात सोडतं, चरबीतून मेदाम्लं निघतात, हृदय जोरात चालू लागतं. ही सगळी तयारी पळण्याची किंवा झुंजण्याची. स्नायूंसाठी शिधा बाहेर काढलेला असतो. आपण मात्र खुर्चीतून उठतही नाही, ‘नोटेड’ एवढंच टाइप करतो. शिधा रक्तातच फिरत राहतो. एखाद्या दिवशी असं झालं तर शरीर ते सहज निभावतं, त्यासाठीच ते घडलेलं आहे. रोज दहा वेळा, वर्षानुवर्षं झालं तर रक्तवाहिन्या, साखर, झोप सगळ्यांवर त्याचा भार साचतो. ब्रूस मॅक्युएन आणि एलियट स्टेलर या शास्त्रज्ञांनी १९९३ मध्ये नेमकी हीच झीज मांडली: संकटाशी जुळवून घेताना शरीर मोजत असलेली किंमत.

म्हणून ‘शरीरासाठी जिम आणि मनासाठी रविवारचं ध्यान’ ही वाटणी मला पटत नाही. खातं एकच आहे. चालताना स्नायू तो शिधा वापरतात. शिवाय आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनची वाट न पाहताही रक्तातलं ग्लुकोज आत ओढून घेऊ शकतो; ग्लुकोज आत घेणारी प्रथिनं त्यासाठी पेशीच्या आवरणावर येतात. आपली शतपावली त्यामुळेच इतकी शहाणी. जेवणानंतर साखर चढत असते, नेमक्या त्याच वेळी पाय हलतात. ऑस्ट्रेलियात डेव्हिड डनस्टन यांच्या चमूने २०१२ मध्ये वजन जास्त असलेल्या १९ जणांना तासन्‌तास बसवून पाहिलं. दर वीस मिनिटांनी फक्त दोन मिनिटं हळू चाललं, तरी सलग बसण्याच्या तुलनेत जेवणानंतरच्या ग्लुकोजची एकूण वाढ सुमारे चोवीस टक्क्यांनी कमी झाली. घाम नाही, कपडे बदलणं नाही. प्रयोग लहान होता हे खरं, पण दिशा तीच, बाबांच्या जिन्याची.

मनाच्या बाजूनेही पुरावा आहे. १९९९ मध्ये जेम्स ब्लुमेंथल यांनी नैराश्य असलेल्या १५६ प्रौढांवर केलेल्या चाचणीत, सोळा आठवड्यांनंतर नियमित व्यायाम करणाऱ्यांची सुधारणा औषध घेणाऱ्यांच्या जवळपास बरोबरीची दिसली. याचा अर्थ चालू असलेली गोळी आपणहून बंद करायची असा मुळीच नाही. ते डॉक्टरांशी बोलूनच ठरवायचं.

पण दोन मिनिटं उठायची मोकळीक तरी हवी ना! माझ्या आधीच्या एका नोकरीत जागेवरून उठलं की स्क्रीनवर ‘अवे’ दिसायचं आणि महिन्याच्या शेवटी ती मिनिटं मोजली जायची. पाणी कमी प्यायचं, म्हणजे उठावं लागत नाही, हे मी तिथे शिकले. असल्या ठिकाणी भिंतीवर ‘स्ट्रेस मॅनेजमेंट’चं पोस्टर लावून काही होत नाही. मोकळीक हीच तिथली कमी पडलेली गोष्ट आहे आणि ती वरूनच द्यावी लागते. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांच्या २०२१ च्या अहवालानुसार आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून जास्त काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो. कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क मागणारं खासगी विधेयक बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ च्या डिसेंबरात लोकसभेत मांडलं होतं. त्याचा कायदा झाला नाही.

बायकांचे तास तर कुठल्याच मस्टरवर येत नाहीत. संध्याकाळच्या लोकलमध्ये लेडीज डब्यात मांडीवर पिशवी पसरून गवार मोडणाऱ्या बायका मी रोज बघते, मीही मोडते. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात जाणारा वेळ दिवसाला सरासरी २९९ मिनिटं निघाला, घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ९७. ही पाच तासांची पाळी तशीच ठेवून तिला ‘स्वतःसाठी वेळ काढ’ म्हणणं मला निर्दय वाटतं. घरातल्या कुणीतरी आधी कुकर लावला पाहिजे.

काम संपल्यावर डोक्यातलं काम संपत नाही, याचं काय करायचं? जर्मन मानसशास्त्रज्ञ सबीने झोनेनटाग यांनी अनेक वर्षं हेच अभ्यासलं. फावल्या वेळात कामापासून मनाने सुटता येणाऱ्यांची झोप आणि उमेद बरी राहते, असं त्यांच्या आणि इतरांच्या कामातून दिसतं. अर्धवट राहिलेली कामं मात्र मनाला धरून ठेवतात. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात मायकेल स्कलिन यांनी २०१८ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. ५७ तरुणांपैकी निम्म्यांनी झोपण्याआधी पाच मिनिटं पुढच्या दिवसांत करायच्या कामांची यादी लिहिली, उरलेल्यांनी झालेल्या कामांची. उद्याची यादी लिहिणारे सुमारे नऊ मिनिटं लवकर झोपी गेले. यादी जितकी बारकाव्यांची, तितकी झोप लवकर.

हे वाचल्यापासून मी निघायच्या आधी जुन्या डायरीच्या मागच्या पानावर लिहिते. ‘मार्चचे व्हाउचर’ एवढंच लिहून चालत नाही, ‘मार्चचे व्हाउचर, तिसरी फाइल, अकरा वाजता, सही राहिली आहे’ असं लिहावं लागतं. मग पाचव्या मजल्यावरून जिन्याने उतरते. दुपारचा डबा झाला की आम्ही तिघी मागच्या गल्लीत पंधरा मिनिटं फिरून येतो. आताच्या साहेबांना ते आधीच सांगून ठेवलंय. त्यांनी हरकत घेतली नाही, उलट परवा तेही आमच्यामागून चालत होते.

बाबा आता पंचाहत्तरीचे आहेत. रात्री जेवण झालं की चाळीच्या गॅलरीत या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यांच्या फेऱ्या सुरू होतात. जाताना ते प्रत्येक दाराशी थांबून आत डोकावतात, कुणाची तरी चौकशी करतात आणि पुढे चालू लागतात.