लॅपटॉपच्या प्रोसेसरचा स्पीड कमीजास्त होणे

प्रोसेसरचा स्पीड म्हणजे त्याची क्लॉक फ्रिक्वेन्सी, म्हणजे आतमध्ये एका सेकंदात किती ठोके पडतात तो आकडा. १ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला १०० कोटी ठोके. लॅपटॉपच्या खोक्यावर एक आकडा छापलेला असतो आणि विंडोजमधला टास्क मॅनेजर उघडून बघितलं तर तिथे भलताच आकडा दिसतो, तोही एका जागी थांबत नाही, आत्ता ०.८, लगेच ३.४, मग २.१, आणि माणसाला वाटतं की मशीन बिघडलंय किंवा आपल्याला फसवलंय. बहुतेक वेळा यातलं काहीच झालेलं नसतं. आजचा प्रोसेसर एका स्पीडवर चालण्यासाठी बनवलेलाच नाही. काम किती आहे, वीज किती मिळतीये आणि अंगात उष्णता किती साठलीये, या तिन्हींचा हिशोब तो सेकंदाला कितीतरी वेळा करतो आणि त्याप्रमाणे स्वतःचा वेग ठरवतो.

आकडा बदलतो कसा ते आधी बघू. इंटेलच्या बहुतेक चिपमध्ये, म्हणजे प्रोसेसरमध्ये, १०० मेगाहर्ट्झचा (१००० मेगाहर्ट्झ म्हणजे १ गिगाहर्ट्झ) एक मूळ क्लॉक असतो आणि त्याला एका आकड्याने गुणलं जातं, त्याला मल्टिप्लायर म्हणतात. मल्टिप्लायर ८ असेल तर ८०० मेगाहर्ट्झ, ४० असेल तर ४ गिगाहर्ट्झ. म्हणून इंटेलचा स्पीड १००-१०० च्या पायऱ्यांनी चढतो-उतरतो, एएमडीच्या रायझेनमध्ये पायऱ्या आणखी बारीक आहेत, २५ मेगाहर्ट्झच्या. प्रत्येक पायरीला किती व्होल्टेज लागणार हेही ठरलेलं असतं, आणि खरी गोष्ट इथेच आहे.

चिपमधले ट्रान्झिस्टर, म्हणजे बारीक स्विच, जेवढ्या वेळा चालू-बंद होतात तेवढी ती वीज खाते हे समजायला सोपं आहे, पण वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते हे लक्षात येत नाही. स्पीड वाढवायचा तर ट्रान्झिस्टर लवकर पलटायला हवेत, त्यासाठी व्होल्टेज वाढवावं लागतं, म्हणजे दोन्हीकडून खर्च वाढतो. उलटंही तसंच. स्पीड २० टक्के कमी केला आणि व्होल्टेजही २० टक्के खाली आणता आलं, तर ०.८ गुणिले ०.८ गुणिले ०.८, म्हणजे साधारण ०.५१. वेग फक्त पाचव्या हिश्श्याने कमी झाला आणि चालू-बंद होण्यात जाणारी वीज जवळपास निम्मी झाली! प्रत्यक्षात व्होल्टेज दर वेळी इतकं खाली येत नाही, पण बॅटरीवर चालणाऱ्या मशीनमध्ये असा सौदा कोण सोडेल? मला विचाराल तर हा एक गुणाकार समजला की या विषयातला अर्धा गोंधळ तिथेच संपतो.

पूर्वी असं नव्हतं, जुन्या चिप एकाच स्पीडवर चालायच्या. जानेवारी २००० मध्ये इंटेलने लॅपटॉपसाठीच्या पेंटियम ३ मध्ये स्पीडस्टेप आणलं, ते अगदी साधं होतं, चार्जर लावला की ६५० मेगाहर्ट्झ, काढला की ५००. त्याच वर्षी अशाच सोयी म्हणून एएमडीचं पॉवरनाऊ आणि ट्रान्समेटा कंपनीच्या क्रुसो चिपमधलं लाँगरन आलं. मग २००४ च्या सुमाराला सगळ्या उद्योगालाच उष्णतेने अडवलं, पेंटियम ४ ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत पोचून थांबला, पुढची योजना इंटेलने रद्द केली आणि सगळे जास्त कोअरकडे, म्हणजे एकाच चिपमध्ये काम करणारे अनेक भाग बसवण्याकडे, वळले. २००८ च्या शेवटी कोअर आय ७ बरोबर टर्बो बूस्ट आलं. तोपर्यंत मुख्यतः स्पीड खाली आणून वीज वाचवायची असंच चालायचं, टर्बोने उलटी सोय केली, की सगळे कोअर कामात नसतील आणि चिप थंड असेल तर उरलेल्या विजेवर चालू कोअरला ठरलेल्या स्पीडच्या वर पळू द्यायचं. आधी हे निर्णय मुख्यतः ऑपरेटिंग सिस्टिम घ्यायची आणि तिला वेळ लागायचा, २०१५ च्या स्कायलेक पिढीच्या चिपपासून इंटेलने स्पीड शिफ्ट आणून ते बरंचसं चिपकडेच सोपवलं, त्यामुळे आकडा आता इतका झपाझप बदलतो की डोळ्याला धरताच येत नाही.

आता खोक्यावरच्या आकड्याचं बघू. इंटेलचा कोअर आय ५ ८२५०यू घ्या, बेस फ्रिक्वेन्सी, म्हणजे ठरलेला मूळ स्पीड, १.६ गिगाहर्ट्झ, टर्बो ३.४, वीज १५ वॅट. यातला ३.४ म्हणजे चांगल्यात चांगल्या परिस्थितीतला, तोही एखाद-दुसऱ्या कोअरवर भार असतानाचा. सगळे कोअर एकदम कामाला लागले की तो तेवढा राहत नाही, आणि तिथेही वेळेची अट आहे. चिपला विजेच्या दोन मर्यादा दिलेल्या असतात, पीएल१ ही कायमची आणि पीएल२ ही थोड्या वेळापुरती मोठी. व्हिडिओ एक्सपोर्टला लावला की सुरुवातीला चिप पीएल२ वर जोरात धावते, काही सेकंदांनी, बऱ्याच लॅपटॉपमध्ये २८ सेकंदांच्या आसपास, तिची सवलत संपते आणि ती पीएल१ वर येते आणि स्पीड धपकन खाली. लोक याला बिघाड समजतात पण हे ठरवून केलेलं आहे, कारण आपली बहुतेक कामं म्हणजे फाईल उघडणं, पेज लोड होणं, ही दोन-तीन सेकंदांची असतात आणि तेवढ्यापुरता जोर मिळाला की मशीन चपळ वाटतं.

या मर्यादा लॅपटॉप बनवणारी कंपनी स्वतः ठरवू शकते, आणि हे विकत घेणाऱ्याला कोणी नीट सांगत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. कोअर आय ५ ११३५जी७ या चिपला इंटेलने १२ वॅटपासून २८ वॅटपर्यंतची मुभा दिली होती, २८ वॅटवर तिचा बेस २.४ गिगाहर्ट्झ आणि १२ वॅटवर फक्त ०.९! नाव तेच, स्टिकर तोच, आणि पातळ लॅपटॉपमधली चिप जाड लॅपटॉपमधल्या चिपच्या बरीच मागे. म्हणून लॅपटॉप घेताना टर्बोचा आकडा बघून काही कळत नाही, दहा मिनिटं पूर्ण भार दिल्यावर तो किती स्पीड टिकवतो हे बघायला पाहिजे.

उष्णतेचा भाग बहुतेकांना माहीत असतो. बऱ्याच चिपची कमाल मर्यादा १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते, तिथे पोचली की ती स्वतःला जपण्यासाठी स्पीड तोडते, हेच थर्मल थ्रॉटलिंग. हवेच्या जाळीत धूळ बसली, चिपची उष्णता बाहेर न्यायला लावलेली थर्मल पेस्ट वाळली, लॅपटॉप गादीवर ठेवून खालची भोकं बंद झाली, की हे लवकर होतं. फॅनच नसलेल्या मशीनमध्ये, जसं की २०२० ची एम१ वाली मॅकबुक एअर, लांब चालणाऱ्या कामात स्पीड हळूहळू उतरतोच. कधी चूक फर्मवेअरमध्ये, म्हणजे मशीनच्या आत बसवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये, असते, २०१८ ची मॅकबुक प्रो भाराखाली फारच खाली येते असं लोकांनी दाखवून दिलं, तेव्हा ॲपलने जुलैमध्ये फर्मवेअरमधली एक 'डिजिटल की' (किल्ली) राहून गेल्याचं मान्य केलं आणि अपडेट दिला.

काहीच काम नसताना काय होतं तेही वेगळंच आहे. तेव्हा चिप हळू चालण्यापेक्षा झोपणं पसंत करते, मोकळा कोअर सी-स्टेटमध्ये जातो, म्हणजे त्याचा क्लॉक बंद आणि खोल झोपेत तर वीजही जवळजवळ बंद. पटकन काम उरकायचं आणि झोपायचं हे बऱ्याचदा रेंगाळत करण्यापेक्षा स्वस्त पडतं, म्हणून साधा माऊस हलवला तरी स्पीड क्षणभर ३ गिगाहर्ट्झवर उडी मारतो. स्क्रीनवर दिसणारा आकडा हा मधल्या वेळाची सरासरी असतो, अनेक कोअर मिळून एकच आकडा दाखवला जातो, आणि मोजणारं सॉफ्टवेअर स्वतःच कोअरला जागं करतं, त्यामुळे पूर्ण शांत मशीनचा स्पीड बघणं तसं अवघडच. २०२१ च्या अल्डर लेक पिढीपासून इंटेलच्या बऱ्याच चिपमध्ये मोठे आणि छोटे अशा दोन जातींचे कोअर आले, दोघांचे स्पीड वेगळे, त्यामुळे एकाच आकड्याला आणखीनच कमी अर्थ उरला.

सेटिंगचा हातही असतोच. विंडोजच्या पॉवर प्लॅनमध्ये मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट १०० वरून ९९ टक्के केलं तर अनेक मशीनमध्ये टर्बो पूर्ण बंद होतो, एका टक्क्याने एवढा फरक पडेल असं कोणालाच वाटत नाही. लिनक्समध्ये हे काम गव्हर्नर, म्हणजे स्पीड कधी किती ठेवायचा याचे ठरवलेले नियम, करतात, ऑनडिमांड, परफॉर्मन्स, स्केडयुटिल वगैरे, आणि इंटेलच्या पी-स्टेट ड्रायव्हरमधला पॉवरसेव्ह हा गव्हर्नर नाव ऐकून वाटतो तसा स्पीड तळाला बांधून ठेवत नाही, गरज पडली की वर जाऊ देतो, त्यामुळे तो बघून घाबरायचं कारण नाही.

खरी काळजी करायची वेळ म्हणजे आकडा बदलायचा थांबतो तेव्हा. पूर्ण भार आहे, तापमान ५० अंश आहे, आणि स्पीड ०.४ किंवा ०.८ वर चिकटलेला, हे नॉर्मल नाही. चिपला बाहेरूनही धोक्याचा सिग्नल देता येतो, त्याला प्रोचॉट म्हणतात, आणि मदरबोर्डला चार्जर ओळखता आला नाही, चार्जर कमी वॅटचा असला, बॅटरी खराब झाली किंवा एखादा सेन्सर चुकीचं सांगायला लागला तर चिप गरम नसतानाही हा सिग्नल लागून राहतो. अशा वेळी आधी मूळ चार्जर लावून बघायचा, मग फक्त बॅटरीवर, मग बायोस (मदरबोर्डवरचं फर्मवेअर) अपडेट. सॉफ्टवेअरने तो सिग्नलच दाबून टाकता येतो, पण कारण न शोधता ते करू नये, कारण कमी वॅटच्या चार्जरवर चिपने पूर्ण वीज ओढली तर चार्जर तापतो किंवा मशीन मध्येच बंद पडतं.