‘मी शांतच आहे!’ आणि मनगटावरचा १०४

‘राग आत साठवू नको, उशी बडव, मोकळा हो’ हा सल्ला परत एकदा कुणीतरी फॉरवर्ड केला आणि म्हटलं आता लिहायलाच पाहिजे, कारण मी त्या ‘नाकावर राग’ जमातीतलाच. अरे म्हटलं की कारे, मोडेन पण वाकणार नाही, सगळं आलं. आमच्यासारख्यांना हा सल्ला फार आवडतो, आपल्याला हवं तेच करायची परवानगी मिळते ना! गंमत म्हणजे तो चुकीचा आहे.

ब्रॅड बुशमन या मानसशास्त्रज्ञाने २००२ मध्ये ६०० कॉलेजच्या मुलामुलींना आधी मुद्दाम चिडवलं, मग काहींना पंचिंग बॅग बडवायला दिली, ज्याने चिडवलं त्याचा विचार करत, आणि काहींना नुसतं दोन मिनिटं बसवून ठेवलं. बॅग बडवणारे जास्त चिडलेले निघाले, गप्प बसलेले सगळ्यात कमी. पुढे २०२४ मध्ये त्याने आणि सोफी कियर्विकने १५४ अभ्यास एकत्र करून पाहिले, तिथेही तेच, शरीर तापवणाऱ्या गोष्टींनी एकूणात राग उतरत नाही, थंड करणाऱ्यांनी उतरतो.

असं का? इथेच माझा सगळ्यात आवडता भाग आहे. राग आला की मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथी रक्तात ॲड्रेनलीन सोडतात, हृदय जोरात धावतं, लिव्हर साखर मोकळी करतं, हे शाळेत वाचलेलं असतं. पण धडधडणाऱ्या हृदयावर ‘ही धडधड रागाची’ अशी चिठ्ठी नसते. जिना चढल्याची, भीतीची, आनंदाची, सगळ्यांची धडधड बऱ्यापैकी सारखीच, ती कशामुळे आहे हे मेंदू समोरचा प्रसंग बघून ठरवतो. आणि ही धडधड भांडण संपलं म्हणून बटण दाबल्यासारखी बंद होत नाही, हळूहळू ओसरते. डॉल्फ झिलमनने १९७० च्या दशकात व्यायामाची सायकल वापरून हे दाखवलं. व्यायामानंतर तीन टप्पे येतात. पहिल्यात माणूस दमलेला असतो आणि त्याला ते कळत असतं. तिसऱ्यात शरीर खरंच थंड झालेलं असतं. लोचा मधल्या टप्प्यात आहे, शरीर अजून तापलेलंच पण माणसाला वाटतं आपण नॉर्मलला आलो, आणि तेव्हा समोर जे येईल त्याच्या नावावर ही उरलेली धडधड जमा होते. आधी चिडवलेल्या माणसाला सायकल मारायला लावली तर तो चिडवणाऱ्याशी जास्त आक्रमक वागला, न चिडवलेला मात्र नाही.

माझंच सांगतो. लिफ्ट बंद होती, पाच मजले चढून मीटिंगला गेलो, बसलो, पाणी प्यायलो, श्वास लागलेला थांबला. मग एक सहकारी सहज म्हणाली, ‘ही तारीख तुम्ही कळवली नव्हती.’ मी जे सुरू झालो ते विचारू नका. तिने ‘अहो, जरा शांत व्हा’ म्हटल्यावर ‘मी शांतच आहे!’ असं ओरडलो. घड्याळात पाहिलं तर नाडी १०४. एरवी बसलेला असताना ७२ असते.

आता उपाय. हृदयाला ब्रेक लावणारी व्हेगस नावाची नस आहे, ती ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन सोडते आणि हृदयाचा ताल ठरवणाऱ्या सायनस नोडला एकदोन ठोक्यांतच हळू करते, उलट हृदयाला पळवणाऱ्या सिंपथेटिक नसांचा परिणाम चढायला आणि उतरायला कितीतरी सेकंद घेतो. श्वास सोडताना हा ब्रेक जास्त लागतो, घेताना सैल होतो, म्हणून लांब उच्छ्वास. (नोड वगैरे डोक्यावरून गेलं तर सोडा, एवढंच धरा की श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्यायचा.)

आणि ‘माझी मेष रास’, ‘पत्रिकेत मंगळ’, किंवा हल्ली नवीन ते (माणसांचे नऊ प्रकार पाडणाऱ्या एनिअग्राममधलं) ‘मी आठ नंबरची पर्सनॅलिटी’ हे बंद करा राव. स्वभाव असे डब्यात भरलेले नसतात, रोखठोकपणा कमीजास्त प्रमाणात सगळ्यांतच असतो. २०१७ मध्ये ब्रेंट रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी थेरपी वगैरेंचे २०७ अभ्यास तपासले, सरासरी २४ आठवड्यांत स्वभावात मोजता येईल असा फरक दिसला. सगळ्यात जास्त फरक भावनिक स्थिरतेत, गोडपणात त्या मानाने बराच कमी. म्हणजे तुम्ही गोडबोले होण्याची शक्यता कमीच, घाबरू नका!

त्या मीटिंगनंतर मी एकच सवय लावलीय. भांडायच्या मुद्द्यावर उत्तर द्यायच्या आधी नाडी बघायची आणि ८० च्या खाली आल्याशिवाय मेल पाठवायचा नाही. त्या दिवशी पाऊण तासाने ७८ झाली. मग सहकाऱ्याला लिहिलं, आवाज चढवल्याबद्दल सॉरी, तारीख मात्र मी कळवली होती, मेल खाली जोडलाय.