सफेदीचा शब्द चिखलात कसा आला?

इंग्रजीत ‘डॉब’ म्हणजे लिंपणे, थापणे, जाडाभरडा लेप देणे. भिंतीवर थापायच्या चिखलालाही डॉबच म्हणतात, आणि रंग कसेबसे फासून केलेल्या चित्रालाही. शब्द कानावर पडला की राडा, माती, मळलेले हात असेच काहीतरी डोळ्यांपुढे येते. त्याचे मूळ मात्र अगदी स्वच्छ आहे. लॅटिनमध्ये ‘आल्बुस’ म्हणजे पांढरा आणि ‘देआल्बारे’ म्हणजे पांढरे करणे, चुन्याचा हात देणे. जाहीर सूचना लिहिण्यासाठी रोमन लोक पांढरा केलेला फळा लावत. त्याचे नाव ‘आल्बुम’, आणि आपला फोटोंचा अल्बम त्याच घराण्यातला. बायबलच्या लॅटिन भाषांतरात वरून शुभ्र, आत मात्र हाडांनी भरलेल्या थडग्यांचा जो प्रसिद्ध उल्लेख येतो, तिथेही ‘देआल्बारे’चेच रूप वापरलेले आहे.

जुन्या फ्रेंचमध्ये हा शब्द घासून ‘दॉबेर’ झाला. चुना देणे आणि गिलावा करणे हे दोन्ही अर्थ त्यात मावले, आणि मध्ययुगात तो इंग्रजीत उतरला. पांढऱ्याचा चिखल होण्यामागे मला तरी कामाचा क्रम दिसतो. भिंत आधी मातीने लिंपायची, मग तिच्यावर चुना मारायचा. एका कामाचे हे दोन टप्पे, मग एकाचे नाव दुसऱ्याला चिकटले तर नवल नाही. 1212 साली लंडनमध्ये भीषण आग लागली. त्यानंतर जे नियम आले त्यांत थेम्सकाठच्या खाणावळी आतून-बाहेरून लिंपून चुन्याने पांढऱ्या करण्याची सक्ती होती. उघड्या लाकडावर आणि काटक्यांवर ठिणगी पडू नये, हा हेतू. म्हणजे लेप आणि सफेदी ही दोन्ही कामे त्या नियमात शेजारी शेजारीच आहेत.

मध्ययुगीन इंग्लंडमधली घराची भिंत अशी उभी राहायची: ओकच्या जाड लाकडांचा सांगाडा, त्याच्या चौकटींत उभे दांडे आणि त्या दांड्यांतून टोपलीसारखे विणलेले हेझलचे लवचीक फोक. या विणीवर दोन्ही बाजूंनी डॉब दाबून भरायचा. फटींतून आत शिरलेली माती मधोमध एकमेकींना भिडते आणि सुकल्यावर अख्खी विण पोटात घट्ट धरून ठेवते. स्ट्रॅटफर्डमध्ये शेक्सपिअरचा जन्म झाला त्या घराच्या भिंतीही याच पद्धतीच्या. हा आपल्याकडचा कूड! सह्याद्रीच्या आणि कोकणाच्या पट्ट्यात कारवीच्या काठ्यांचे कूड शेणमातीने लिंपतात. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची घरे उत्खननात सापडली, तीही कुडाचीच.

या चिखलात काय असते, तो भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. नुसती चिकणमाती थापली तर भिंत तडकते. चिकणमातीचे कण अतिसूक्ष्म आणि चपटे असतात, ओल्या मातीत त्यांच्यामध्ये पाण्याचे पापुद्रे असतात. पाणी उडून गेले की कण जवळ ओढले जातात, माती आकसते आणि भेगा पडतात. वाळू आकसत नाही, म्हणून ती मिसळायची. गवताच्या काड्यांचे तुकडे मातीचा ताण वाटून घेतात, त्यामुळे एका मोठ्या भेगेऐवजी केसासारख्या अनेक बारीक भेगा पडतात आणि भिंत शाबूत राहते. शेणात न पचलेले बारीक तंतू असतातच, शिवाय त्यातल्या चिकट द्रव्यांमुळे लेप मऊसर होतो आणि पावसाच्या माऱ्यालाही जरा जास्त टिकतो.

हे ज्ञान फार जुने आहे. बायबलमध्ये यहेज्केल संदेष्टा कच्च्या भिंतीवर वरवरचा लेप देणाऱ्यांना फटकारतो. त्या ओळीच्या लॅटिन भाषांतरात लेपाचे वर्णन ‘काड नसलेला चिखल’ असे आहे. 1611 च्या इंग्रजी बायबलमध्ये त्याच जागी ‘डॉब’ हे क्रियापद येते. वेरूळच्या लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले असल्याचे 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून दिसले. जागा, काळ, वनस्पती सगळे वेगळे, पण तंतू घालण्यामागचे शहाणपण एकच.

चुन्याचे रसायन तर फारच सुंदर आहे. चुनखडक सुमारे 900 अंश सेल्सिअसला भाजला की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. तो पाण्यात विरवून पातळ करायचा आणि भिंतीला द्यायचा. सुकताना तो हवेतला कार्बन डायऑक्साइड परत शोषतो आणि भिंतीवर पुन्हा चुनखडकाचाच पातळ थर तयार होतो. या थरातून वाफ आरपार जाऊ शकते, त्यामुळे आतली ओल बाहेर पडत राहते.

रोमन वास्तुविशारद विट्रुव्हियसला मात्र कुडाच्या भिंती मुळीच आवडत नसत. त्यांचा शोधच लागला नसता तर बरे, असे त्याने लिहून ठेवले. त्या मशालीसारख्या पेट घेतात, ही त्याची तक्रार. धोका खरा होता. गंमत अशी की व्हेसुव्हियसच्या उद्रेकात इसवी सन 79 मध्ये गाडल्या गेलेल्या हर्क्युलेनियममध्ये याच पद्धतीचे एक घर आजही पाहायला मिळते. आणि घर जळाल्यामुळेच पुरातत्त्वज्ञांना पुरावा मिळतो, असेही होते. साधा डॉब पावसात विरघळून जमिनीला मिळतो, पण आगीत तो विटेसारखा भाजला जातो. फोक जळून जातात, त्यांचे ठसे मातीत राहतात. त्यांवरून काठ्यांची जाडी आणि विणण्याची पद्धत कळते, कधी लेपात अडकलेल्या दाण्याच्या ठशावरून शेतातले पीकही कळते. युक्रेन आणि रोमानियातल्या कुकुतेनी-त्रिपिल्या संस्कृतीच्या घरांबद्दल बरेच काही आपल्याला अशा भाजलेल्या लेपाच्या ढिगांमुळेच ठाऊक आहे.

विसाव्या शतकात इंग्लंडमधल्या अनेक जुन्या घरांवर सिमेंटचा गिलावा चढवला गेला, आणि त्याने घरांचे नुकसानच केले, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. सिमेंटमधून ओल बाहेर पडत नाही. बारीक चिरांतून आत शिरलेले पाणी लाकडापाशी साचून राहते आणि शेकडो वर्षे टिकलेला ओक कुजू लागतो. म्हणून दुरुस्ती करणारे जाणकार आता सिमेंट काढून पुन्हा डॉब आणि चुना वापरतात. त्यासाठी नवी माती आणावीच लागते असेही नाही. भिंतीवरून निघालेला जुना डॉब फोडायचा, पाण्यात भिजवायचा, ताजे काड घालून पायांनी तुडवायचा आणि त्याच चौकटीत पुन्हा भरायचा.