गाडी चालवून झिजते त्याहून जास्त उन्हात उभी राहून

इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी किती वर्षं टिकेल? मे महिन्यात चंद्रपूर-अकोल्याकडे पारा ४५ अंशांच्या वर सहज जातो, तिथं हा प्रश्न जरा वेगळा विचारायला हवा.

लिथियम-आयन बॅटरी दोन तऱ्हांनी म्हातारी होते. चार्ज-डिस्चार्जच्या फेऱ्यांनी होते, हे सगळ्यांना ठाऊक. पण ती नुसती उभी राहूनही होते. सेलमधल्या ग्रॅफाइटवर एक बारीक थर हळूहळू वाढत जातो आणि त्यात लिथियम अडकून पडतं. तेवढी क्षमता कायमची गेली. उष्णतेनं हा थर भराभर वाढतो, बॅटरी काठोकाठ भरलेली असली तर आणखीच. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटी भागात निसान लीफ या इलेक्ट्रिक गाडीच्या मालकांना हा अनुभव आला. त्या गाड्यांत बॅटरी द्रवानं थंड ठेवायची सोय नव्हती. आताच्या बहुतेक गाड्यांत ती असते. तरी १०० टक्के चार्ज करून आठवडाभर टिनाच्या शेडखाली गाडी तापवत ठेवण्यापेक्षा निंबाच्या सावलीत ६०-७० टक्क्यांवर ठेवलेली बरी.

मग लाईन गेल्यावर गाडीच्या बॅटरीवर घर चालवलं तर ती किती झिजेल? हिशोब करू. २०२० च्या नेक्सॉन ईव्हीत ३०.२ युनिट वीज मावत असे. रात्रभर एक कूलर, एक पंखा, चार एलईडी आणि फ्रिज म्हणजे फार तर ४ युनिट. सात रात्री निघाल्या. समजा वर्षातल्या ३६५ रात्री लाईन गेलीच (तशी वेळ न येवो), तरी पूर्ण फेऱ्या ५० च्या आतच भरतात. लिथियम-आयर्न-फॉस्फेटची (लिथियम-आयनचाच एक प्रकार) बॅटरी दोन हजारांवर फेऱ्या काढू शकते. शिवाय घराचा भार किलोवॉटच्याही आत असतो. चढावर गाडी ओढताना बॅटरीवर पडणारा ताण कितीतरी मोठा.

वावरातल्या मोटारीचं मात्र जमत नाही. ५ एचपीचा पंप बहुधा थ्री-फेजवर चालतो, गाडीतून वीज निघते ती सिंगल फेज, तीही साधारण तीन किलोवॉटपर्यंत. त्यात मोटार सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. ओलितासाठी सौरपंपच बरा.

गाडीतून वीज बाहेर घ्यायची सोय प्रत्येक गाडीत नसते. घेतानाच ‘व्हेइकल-टू-लोड’ आहे का ते विचारावं. असली तरी एक्स्टेन्शन बोर्ड लावून पंखा-कूलर चालवावा. गाडीची वायर घरातल्या प्लगमध्ये उलटी खुपसून सगळं घर चालवायचा जुगाड जीवघेणा आहे: वीज मीटरमधून मागं खांबावर जाते, आणि लाईन बंद आहे असं समजून लाईनमन तिथं चढलेला असतो. आख्खं घर जोडायचं तर जनरेटरला बसवतात तसा चेंजओव्हर स्विच (एका वेळी लाईनची किंवा गाडीची, एकच वीज घराला जोडणारा) लागतो, आणि तो परवानाधारक वायरमनकडूनच बसवून घ्यायचा.