चाचणी डिस्कची, भांडण नावाचं: ओपनसोलारिसच्या पहिल्या डेव्हलपर प्रिव्ह्यूची पार्श्वभूमी

३१ ऑक्टोबर २००७ रोजी सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीची ‘ओपनसोलारिस डेव्हलपर प्रिव्ह्यू’ नावाची एक सीडी डाउनलोडसाठी खुली झाली. प्रकल्पाचं आतलं नाव ‘इंडियाना’. ती उतरवून घेणाऱ्यांनी बग शोधावेत, ड्रायव्हर कुठे अडतात ते कळवावं, अशी अपेक्षा होती. तसं झालंही. पण आज त्या प्रिव्ह्यूची आठवण निघते ती बगांमुळे नाही, डिस्कवर छापलेल्या एका शब्दामुळे.

युनिक्सची वंशावळ इथे पुन्हा सांगत बसण्यात अर्थ नाही. सोलारिस ही सनची ऑपरेटिंग सिस्टिम, त्याच घराण्यातली सिस्टिम व्ही रिलीज ४ची शाखा, एवढं ध्यानात असलं तरी पुरे. आपल्याला हवी ती गोष्ट २००५मध्ये सुरू होते. त्या जानेवारीत डीट्रेस या चालत्या प्रणालीची तपासणी करणाऱ्या साधनाचा सोर्स कोड खुला झाला, १४ जूनला कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, आणि भोवतालचा बराचसा कोड सीडीडीएल या मुक्त परवान्याखाली आला, आणि या सगळ्याला ‘ओपनसोलारिस’ म्हणायचं ठरलं. तीनच दिवसांत शिलिक्स ही त्या कोडवरची पहिली वितरणप्रत, म्हणजे कोडपासून बांधलेली, थेट चालवता येणारी प्रणाली, बाहेर पडली. मागोमाग बेलेनिक्स आली. नेक्सेंटाने तर सोलारिसच्या कर्नलवर डेबियन या लिनक्स वितरणाच्या वळणाची पॅकेजेस चढवून दाखवली. या काळात ओपनसोलारिस म्हणजे कोड आणि त्याभोवती जमलेली माणसं. डाउनलोड करून चालवता येईल अशी ‘ओपनसोलारिस’ नावाची एकही गोष्ट अस्तित्वात नव्हती.

चाचणी मात्र चालू होती, फक्त तिचा रस्ता आडवळणाचा होता. पुढच्या आवृत्तीचं काम ‘नेवाडा’ या नावाने चाले, साधारण दर दोन आठवड्यांनी क्रमांकित बिल्ड, म्हणजे तोवरच्या कोडची बांधलेली प्रत, निघे, आणि ते लोकांपर्यंत ‘सोलारिस एक्सप्रेस कम्युनिटी एडिशन’ म्हणून पोहोचे. शिवाय ‘सोलारिस एक्सप्रेस डेव्हलपर एडिशन’ वेगळी. मूळ ‘सोलारिस १०’ ही आणखी वेगळी. नवख्याने विचारावं, ‘ओपनसोलारिस कुठून उतरवू?’ आणि जाणत्याने उत्तरादाखल अर्धा तास नावांचा गुंता सोडवत बसावं, असा मामला होता. त्यात कम्युनिटी एडिशनच्या प्रती इतरांना काढून वाटायची परवानगी नव्हती. ‘कम्युनिटी’ म्हणायचं आणि मित्राला डिस्कची प्रत देऊ द्यायची नाही, हे जरा अतिच होतं.

इंडियाना या अडचणीवरचा उतारा होता. एकच सीडी, यंत्रातल्या हार्ड डिस्कला हात न लावता बूट होणारी, आवडली तर तिथूनच इन्स्टॉल करता येणारी, आणि वाटायला मोकळी. नेवाडाच्या ७५व्या बिल्डच्या आसपासचा पाया, ग्नोमचा डेस्कटॉप, आणि मूळ फाइल सिस्टिम म्हणून झेडएफएस. हा शेवटचा मुद्दा धाडसाचा होता. झेडएफएस कोडमध्ये दाखल झाली त्याला त्या दिवशी नेमकी दोन वर्षं होत होती आणि तोवर बूट होणारी डिस्क तिच्यावर ठेवण्याची सवय कुणालाच नव्हती. जुन्या सोलारिसवाल्यांना मात्र त्याहून जास्त टोचलं ते शेल, म्हणजे आज्ञा टाइप करायची जागा: समोर लिनक्सच्या सवयीचा बॅश, आणि पाथमध्ये, म्हणजे आज्ञा शोधायच्या क्रमात, ग्नूच्या आज्ञा आधी. वर्षानुवर्षं लिहिलेल्या स्क्रिप्ट ‘टार’ आणि ‘पीएस’च्या जुन्या वागणुकीवर विसंबलेल्या. लिनक्सवरून येणाऱ्याला घरच्यासारखं वाटावं म्हणून घरच्यांनाच पाहुणं केलं, अशी ती तक्रार होती.

पॅकेजची नवी पद्धत हा दुसरा मोठा बदल. सोलारिस १० सांभाळलेल्यांना ११८८३३-३६ हा आकडा नुसता दिसला तरी घाम फुटतो. तो कर्नलच्या एका पॅचचा, म्हणजे दुरुस्तीच्या ठिगळाचा, क्रमांक. पॅच एकमेकांवर अवलंबून, क्रम चुकला की घोंगडं भिजत पडलेलं. इंडियानाने पॅच ही कल्पनाच काढून टाकली. नेटवर्कवरच्या भांडारातून पॅकेजची नवी आवृत्ती आणायची, बस. पॅकेजच्या आत इन्स्टॉलच्या वेळी धावणारी स्क्रिप्ट ठेवायलाही मनाई केली. हा निर्णय तेव्हा हटवादी वाटला, पण झेडएफएसचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची स्थिती, घेऊन संपूर्ण बूट वातावरणाची (बूट होणाऱ्या प्रणालीची) नक्कल करायची आणि अपडेट त्या नकलेवर करायचं, ही पुढे सर्वांना आवडलेली सोय त्यामुळेच भरवशाची झाली. अपडेट फसलं की यंत्र सुरू होताना दिसणाऱ्या ग्रबच्या यादीतून जुनं वातावरण निवडायचं. चाचणी करणाऱ्याला याहून मोठा दिलासा नसतो.

गंमत अशी की ही डिस्क फक्त एक्स८६, म्हणजे इंटेलच्या वळणाच्या, यंत्रांवर चाले. कंपनी ज्या स्पार्क चिपवर वाढली, तिच्यावर ओपनसोलारिस यायला २००९.०६ ही आवृत्ती उजाडावी लागली.

आता नावाकडे. २००६मध्ये समुदायाला सनद मिळाली होती आणि २००७मध्ये सदस्यांच्या मतांवर निवडलेलं नियामक मंडळ कामाला लागलं होतं. ट्रेडमार्क मात्र कंपनीकडे. प्रिव्ह्यू आला तेव्हा मंडळाला कळलं की अनेक वितरणप्रतींपैकी एकीलाच थेट ‘ओपनसोलारिस’ म्हटलं गेलंय आणि हे ठरवताना आपल्याला विचारलेलं नाही. शिलिक्स, बेलेनिक्स, नेक्सेंटा या सगळ्या त्याच कोडच्या लेकी. एका रात्रीत त्या ‘ओपनसोलारिसवर आधारित’ झाल्या आणि धाकटी बहीण खुद्द ओपनसोलारिस.

कंपनीच्या बाजूलाही वजन होतं. ट्रेडमार्क सैल सोडला तर तो हातचा जातो, आणि वर सांगितलेल्या त्या नवख्याला एकाच वाक्यात उत्तर देता यायला हवं होतं. कोड म्हणजे उत्पादन नव्हे, लोक डिस्क चालवतात, हे म्हणणंही खोटं नव्हतं. पण मग ‘प्रिव्ह्यू’ कशाला म्हणायचं? प्रिव्ह्यू म्हणजे अजून काहीच पक्कं नाही, सांगा काय बदलू, असा अर्थ लोक घेतात. डिस्कवरची प्रत्येक गोष्ट खरोखर बदलायला मोकळी होती: शेल, पॅकेज, इन्स्टॉलर. जे बदलणारच नव्हतं ते तेवढं नाव. चाचणीसाठी दिलेल्या वस्तूत एक निर्णय गुपचूप कायमचा ठेवलेला होता आणि बगनोंद करून तो मागे घेता येणार नव्हता. प्रस्तुत लेखकाला समुदायाचा राग इथवर पटतो.

‘ओपन’ या अर्ध्या शब्दाचाही प्रश्न होताच. संपूर्ण प्रणाली बांधायला काही तुकडे तयार बायनरी स्वरूपातच, म्हणजे सोर्सविना, घ्यावे लागत. मूळ सी लायब्ररीचा भाषांतरणाशी निगडित भाग, काही ड्रायव्हर. म्हणजे नावात उघडेपणा होता आणि कोठीला एक कुलूप.

फेब्रुवारी २००८मध्ये, समुदायाची घटना लिहिण्यात हात असलेल्या आणि वेबच्या पायाभूत मानकांमुळे नावाजलेल्या एका सदस्याने राजीनामा दिला. कारभार समुदायाचा असल्याचं म्हणायचं आणि निर्णय मात्र कंपनीनेच घ्यायचे, हा त्याचा आक्षेप. कंपनीने नाव बदललं नाही. त्याच महिन्यात दुसरा प्रिव्ह्यू आला आणि मेमध्ये ‘ओपनसोलारिस २००८.०५’ रीतसर जाहीर झाली. लाइव्ह सीडीवर वापरकर्त्याचं नाव ‘जॅक’, पासवर्डही ‘जॅक’. २००८.११मध्ये फाइल व्यवस्थापकातच स्नॅपशॉटच्या काळात मागे सरकायची पट्टी आली. तांत्रिक बाजूने पाहिलं तर प्रिव्ह्यूने जे कबूल केलं होतं ते बहुतेक पदरात पडलं.

२७ जानेवारी २०१०ला कंपनी ओरॅकलला विकली गेली. ठरलेली २०१०.०३ आवृत्ती आलीच नाही. १३४ क्रमांकाच्या बिल्डनंतर डिस्क थांबल्या. ३ ऑगस्टला काही अभियंत्यांनी त्याच कोडवरचा ‘इल्युमोस’ हा प्रकल्प जाहीर केला, आणि त्यांचं पहिलं काम काय, तर सी लायब्ररीतला तो बंद तुकडा नव्याने लिहून काढणं. दहा दिवसांनी नव्या मालकाचं अंतर्गत पत्र फुटलं: यापुढे सोर्स रोजच्या रोज उघडा नाही, आवृत्ती निघाल्यानंतर पाहू. नियामक मंडळाने संपर्कासाठी माणूस नेमा, नाहीतर आम्ही विसर्जित होतो, असं आधीच कळवलं होतं. माणूस नेमला गेला नाही. २३ ऑगस्टला मंडळ विसर्जित झालं.

नोव्हेंबर २०११मध्ये सोलारिस ११ आली ती इंडियानाचीच पॅकेज पद्धत आणि झेडएफएसवरचं बूट घेऊन, फक्त ‘ओपन’ वगळून. इकडे समुदायाने १४ सप्टेंबर २०१०ला आपली वितरणप्रत काढली होती. ‘ओपनसोलारिस’ हे नाव ट्रेडमार्कमुळे घेता येत नव्हतं, म्हणून त्यांनी वादग्रस्त प्रकल्पाचं आतलं नाव उचललं: ओपनइंडियाना. तिच्या लाइव्ह डिस्कवरही लॉगिन ‘जॅक’ आणि पासवर्ड ‘जॅक’च राहिला.