ताडोबाच्या वाघिणी ओडिशात का धाडल्या?

२०२४च्या ऑक्टोबरअखेर ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पातली जमुना नावाची वाघीण ओडिशातल्या सिमिलिपालला रवाना झाली. नोव्हेंबरात तिच्या मागोमाग झीनत गेली. जमुनाने फारसा गाजावाजा होऊ दिला नाही. झीनत मात्र सिमिलिपालची हद्द ओलांडून झारखंडात शिरली, तिथून पश्चिम बंगालमधल्या पुरुलियात आणि पुढे बांकुड्यात. २९ डिसेंबरला बांकुड्यात बेशुद्ध करून पकडेपर्यंत तिने तीन राज्यांच्या वनखात्यांना पळवलं. बातम्यांचा सगळा भर या पाठलागावर राहिला. विदर्भातली वाघीण एवढ्या लांब न्यायची कशाला, हा प्रश्न 'तिकडे वाघ कमी आहेत' एवढ्यावर आटोपला.

हे उत्तर अपुरं आहे. वाघ कमी असलेली जंगलं देशात पुष्कळ आहेत. सिमिलिपालची अडचण आकड्यापेक्षा नात्याची आहे. तिथले वाघ एकमेकांचे फार जवळचे नातलग झाले आहेत, आणि हे कुणी अंदाजाने सांगितलेलं नाही, ते त्यांच्या डीएनएत वाचलं गेलं आहे.

सिमिलिपालचे 'काळे वाघ' छायाचित्रांतून अनेकांनी पाहिले असतील. ते खरं तर काळे नसतात. पट्टे रुंद होऊन एकमेकांत मिसळतात आणि मधला पिवळा रंग जवळजवळ झाकला जातो, एवढंच. बेंगळुरूच्या राष्ट्रीय जीवशास्त्र केंद्रात, म्हणजे एनसीबीएसमध्ये, उमा रामकृष्णन यांच्या गटाने या पट्ट्यांचा माग काढला. विनय सागर हे त्या शोधनिबंधाचे पहिले लेखक. निबंध २०२१मध्ये प्रसिद्ध झाला. जंगलातल्या काळ्या वाघाचं रक्त मिळणं जवळपास अशक्य, म्हणून त्यांनी सुरुवात प्राणिसंग्रहालयांतून केली. भुवनेश्वरजवळच्या नंदनकाननमध्ये असे वाघ जन्मले होते आणि कोणाचे आई-बाप कोण याची नोंदही होती. त्या वंशावळीच्या आधारे शोध टॅक्पेप नावाच्या जनुकावर येऊन थांबला. या जनुकातल्या एका अक्षराच्या बदलामुळे प्रथिनातलं एक अमिनो आम्ल बदलतं आणि पट्ट्यांची रचना बिघडते. गंमत म्हणजे हे जनुक आधीपासून ओळखीचं होतं. घरातल्या मांजराच्या अंगावर सरळ पट्टे उठतात की गोल ठिगळं, हे त्याच्यावर ठरतं, आणि आफ्रिकेतल्या 'किंग चित्त्या'च्या जाड पट्ट्यांमागेही तेच आहे, असं २०१२मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं होतं.

मग या गटाने देशभरातल्या सुमारे चारशे वाघांच्या नमुन्यांत हा बदल शोधला. सिमिलिपाल आणि तिथल्या रक्ताचे पिंजऱ्यातले वाघ वगळता तो कुठेच सापडला नाही. सिमिलिपालमध्ये मात्र ३७ टक्के वाघ काळे. नंतरच्या ओडिशाच्या राज्यगणनेत तर हे प्रमाण निम्म्याजवळ गेलं. बदललेली प्रत आई आणि बाप अशा दोघांकडून आली तरच वाघ काळा होतो, त्यामुळे इतक्या वाघांत ती जोडीने येते याचा अर्थ उघड आहे: मोजक्या पूर्वजांपासून ही वस्ती वाढली, बाहेरून नवं रक्त आलं नाही. काळेपणा मुळात घातकच असला पाहिजे असं नाही. पण ज्या वाटेने हा बदल पसरला, त्याच वाटेने डोळ्यांना न दिसणारे, खरोखर घातक बदलही पसरू शकतात.

जमुना किंवा झीनतची सोयरिक काळ्या नराशी जुळली तरी पहिल्या पिढीचे सगळे बछडे नेहमीच्या पट्ट्यांचेच निघतील. ताडोबाच्या आईकडे ती बदललेली प्रत नाही, म्हणून बछड्यांकडे एकच येईल, आणि एका प्रतीने रंग बदलत नाही. म्हणजे काळे बछडे कमी झाले की मोहीम फत्ते, असं समजायला जागा नाही. कस लागेल तो पुढच्या पिढ्यांत ताडोबाचं रक्त किती मिसळतं यावर. आणि इकडे हेच काळे वाघ पर्यटकांना दाखवायला खास सफारी काढण्याची घोषणा ओडिशा सरकारने २०२४च्या जानेवारीत करून ठेवली होती! जी खूण वाघ कोंडले गेल्याची, तिचीच जाहिरात.

रंगाचा हा मोह आपल्याकडे जुना आहे. १९५१मध्ये रीवाच्या महाराजा मार्तंडसिंहांनी मोहन नावाचा पांढरा बछडा पकडला. पुढे त्याचा जोडा त्याच्याच मुलीशी, राधाशी, लावल्यावर १९५८मध्ये पांढरे बछडे झाले, आणि जगभरच्या प्राणिसंग्रहालयांत ते रक्त घरातल्या घरात फिरवलं गेलं. त्या पांढऱ्या रंगामागचा एका जनुकातला बदल चिनी संशोधकांनी २०१३मध्ये शोधून काढला, पण वाकडे डोळे आणि अधू पिलं तोवर पिंजऱ्यांत अनेक पिढ्या जन्मत होती.

वन्य प्राण्यांच्या बाबतीत जवळच्या नात्यातल्या पैदाशीचा धोका जगाला पहिल्यांदा नीट दिसला तो चित्त्यामध्ये. १९८३मध्ये स्टीफन ओब्रायन आणि सहकाऱ्यांनी ५५ चित्त्यांच्या रक्तातली ४७ प्रथिनं तपासली. एकातही वेगळेपण सापडलं नाही. दोनच वर्षांनी त्यांनी एका चित्त्याची कातडी दुसऱ्याला लावून पाहिली, आणि नात्यागोत्यात नसलेल्या चित्त्याचीही कातडी शरीराने आपलीच म्हणून स्वीकारली. त्याच सुमारास ओरेगॉनमधल्या एका सफारी पार्कात मांजरकुळातल्या एका विषाणूची साथ आली आणि चित्ते पटापट दगावले; तेव्हा सगळे सारखे असण्याची किंमत काय, हे कुणाला वेगळं समजवावं लागलं नाही. पुढे तपासणीच्या पद्धती सुधारल्यावर चित्त्यांत थोडं वैविध्य सापडलं, पण मूळ निष्कर्ष टिकला.

इलाजाचं उदाहरण फ्लोरिडात सापडतं. तिथल्या पँथरांची, म्हणजे प्यूमा या मांजरकुळातल्या प्राण्यांची, संख्या तीसच्या खाली आली होती. शेपटीला बाक, नरांत वृषण खाली न उतरणं, अशी व्यंगं सर्रास. १९९५मध्ये टेक्ससमधून आठ माद्या आणून सोडल्या. पाचांना पिलं झाली, व्यंगं कमी झाली, आणि बारा वर्षांत संख्या तिपटीच्या घरात गेली. काम झाल्यावर उरलेल्या टेक्ससच्या माद्या तिथून काढूनही घेतल्या, कारण फ्लोरिडाचं रक्त बुडवायचं नव्हतं, त्यात भर घालायची होती. सिमिलिपालची कल्पना याच घराण्यातली.

भारतात या शास्त्राची पायवाट हैदराबादेतून निघाली. तिथल्या सीसीएमबी या पेशी आणि रेणू जीवशास्त्राच्या केंद्रातले लालजी सिंग यांनी पट्टेरी मण्यार सापाच्या डीएनएतला एक पुनरावृत्ती होणारा तुकडा हेरला आणि त्यावरून भारतात डीएनए फिंगरप्रिंटिंगचं, म्हणजे डीएनएवरून ओळख पटवण्याचं, तंत्र उभं राहिलं. वन्यजीवांसाठी त्यांनी लेकोन्स ही खास प्रयोगशाळा काढली. २००७मध्ये ती राष्ट्राला अर्पण झाली. शिजवलेल्या मांसाचा तुकडा हरणाचा की बोकडाचा, हे तिथे ठरतं, आणि शिकारीच्या खटल्यांत तो अहवाल पुरावा म्हणून उभा राहतो. गीरच्या सिंहांमध्ये वैविध्य किती थोडं उरलंय याचाही अभ्यास झाला. सगळे सिंह एकाच ठिकाणी नकोत म्हणून त्यांना मध्य प्रदेशातल्या कुनोत हलवा, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१३मध्ये दिला. कुनोत २०२२मध्ये आले ते आफ्रिकेतले चित्ते. सिंह गुजरातेतच आहेत.

वाघाच्या बाबतीत खरी कलाटणी मात्र रक्ताने नव्हे, विष्ठेने दिली. जंगलातल्या कच्च्या रस्त्यांवर वाघ ठळक जागी विष्ठा टाकतो, हद्द सांगण्याची त्याची ती रीत. आत चितळ-सांबराचे केस आणि हाडांचे तुकडे असतात, ते डीएनएवाल्यांच्या कामाचे नाहीत. त्यांना हवा असतो ताज्या विष्ठेवरचा चिकट, चकाकता पापुद्रा, कारण आतड्याच्या अस्तराच्या पेशी त्यात येतात. हातमोजे घालायचे, निर्जंतुक बोळ्याने तो थर हलकेच टिपायचा, द्रावणाच्या बाटलीत बुडवायचा, जीपीएसची नोंद करायची. ऊन आणि ओल लागली की डीएनएचे तुकडे पडत जातात, म्हणून पाऊस होऊन गेला की कित्येक नमुने वाया. शिवाय विष्ठा वाघाची की बिबट्याची, हे नुसत्या आकारावरून सांगताना मुरलेले वनरक्षकही फसतात. तेव्हा पहिली चाचणी प्राणी कोणता याची, मग नर की मादी, आणि शेवटी डीएनएतल्या ठरावीक जागी काही अक्षरं किती वेळा पुन्हा येतात ते मोजून हा वाघ नेमका कोणता, याची. इतक्या तुटपुंज्या डीएनएच्या लाखो प्रती काढता येतात त्या पीसीआरमुळे. १९८३मध्ये कॅरी म्युलिस यांना ते तंत्र सुचलं नसतं, तर विष्ठा फक्त काय खाल्लं तेवढंच सांगत राहिली असती.

या नमुन्यांवर सम्राट मोंडल, उल्हास कारंत आणि उमा रामकृष्णन यांनी २००९मध्ये दाखवलं की जगातल्या वाघांचं निम्म्याहून अधिक जनुकीय वैविध्य भारतीय उपखंडात आहे. आनंदाची गोष्ट. पण चारच वर्षांनी मोंडल आणि रामकृष्णन यांनी मायकेल ब्रुफर्ड यांच्यासह ब्रिटनमधल्या संग्रहालयांचे दरवाजे ठोठावले. साहेब लोकांनी आणि संस्थानिकांनी मारलेल्या वाघांच्या कातड्या नि कवट्या तिथे पडून होत्या. त्यांतला डीएनए आजच्या वाघांशी ताडून पाहिला, तर आईकडून येणाऱ्या डीएनएचे तेव्हाचे ९३ टक्के प्रकार आजच्या वाघांत सापडले नाहीत. मारलेल्या वाघाशेजारी उभं राहून फोटो काढणाऱ्यांनी आपण पुढच्या शतकासाठी नमुने गोळा करतोय, असं स्वप्नातही आणलं नसेल.

पाहुण्या वाघिणी ताडोबातूनच का, याचं उत्तर मध्य भारताच्या नकाशात आहे. कान्हा, पेंच, सातपुडा, मेळघाट, नागझिरा, ताडोबा ही जंगलं वरवर पाहता सुटी बेटं वाटतात, पण डीएनए वेगळं सांगतो: ती अजून बऱ्यापैकी जोडलेली आहेत, म्हणून तिथल्या वाघांचं रक्त मिसळत राहतं. कान्हा-पेंच आणि सातपुडा-मेळघाट या पट्ट्यांतून वाघ जा-ये करत राहिले, असं २०१३च्या अभ्यासांत दिसलं. प्राची थत्ते आणि सहकाऱ्यांनी पुढे वाघाबरोबर बिबट्या, अस्वल आणि रानमांजर यांचेही नमुने तपासले. माणसाच्या वस्तीने आणि रस्त्यांनी सगळ्यांचं सारखंच अडत नाही. वाघाचं फार अडतं, रानमांजराचं कमी.

या अभ्यासांची पुराव्यादाखल गोष्ट हवी असेल तर टिपेश्वरच्या सी-१ची घ्या. यवतमाळ जिल्ह्यातला हा तरुण नर २०१९मध्ये निघाला आणि तेलंगणाची सीमा ओलांडत, शेतं, नाले, महामार्ग पार करत १,३०० किलोमीटर चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. गळ्यात रेडिओ कॉलर होती म्हणून आपल्याला कळलं. कॉलर नसलेले किती चालत असतील, त्यांचा हिशेब डीएनएतच लागतो. फक्त चालणं पुरेसं नसतं, पुढे मादीही असावी लागते. ज्ञानगंगेत वाघीण नव्हती.

जुन्या सात नंबरच्या, आता चव्वेचाळीस नंबरच्या महामार्गाचं चौपदरीकरण पेंचजवळ याच मुद्द्यावर वर्षानुवर्षं अडलं होतं. शेवटी महाराष्ट्राच्या हद्दीत प्राण्यांसाठी नऊ भुयारी वाटा आणि पूल झाले, सर्वांत लांब ७५० मीटरचा. कॅमेऱ्यांत वाघ त्यांखालून जाताना टिपले गेले. खर्च झाला, वेळ गेला, पण वाघ ट्रकमध्ये घालून नेण्यापेक्षा हे केव्हाही स्वस्त.

ट्रकच वापरायचा तर कसा, याचे दोन धडे आहेत. वाघ संपलेल्या सरिस्कात २००८पासून फक्त रणथंबोरचे वाघ आणले, आणि पहिले काही तर एकाच बापाची पिलं निघाली. बछडे दिसायला २०१२ उजाडलं. पन्नात बांधवगड, कान्हा, पेंच अशा निरनिराळ्या जंगलांतून वाघ आणले आणि तिथे झपाट्याने पैदास झाली. रणथंबोरच्या वाघांचा संपूर्ण जनुकसंच २०२१मध्ये वाचला गेला, तेव्हा दोन गोष्टी एकदम दिसल्या. पिढ्यान्‌पिढ्या कोंडून राहिल्याने काही अत्यंत घातक बदल गळून गेले होते, कारण ते बाळगणारे वाघ टिकलेच नाहीत. पण उरलेले घातक बदल मात्र जोडीने साठले होते. म्हणजे निसर्ग आपोआप साफसफाई करतो हे अर्धसत्य आहे.

आता हाच प्रश्न आपल्या दारात आहे. सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात ताडोबा आणि पेंचमधून आठ वाघ आणायला २०२५मध्ये परवानगी मिळाली आणि नोव्हेंबरात ताडोबातली पहिली वाघीण चांदोलीत पोचली. तिथे आधी कॅमेऱ्यात दिसलेले तिन्ही वाघ नर होते. त्यात नवल नाही. तरुण नर लांबवर भटकतात, माद्या आईच्या हद्दीजवळच ठाण मांडतात, त्यामुळे लांब पडलेल्या जंगलात मादी आपल्या पायाने क्वचितच येते. वाघीण आणण्याचं समर्थन इथे पक्कं आहे. मात्र जनुकीयदृष्ट्या दक्षिणेचे, पश्चिम घाटातले वाघ मध्य भारतातल्या वाघांहून वेगळ्या गटात पडतात, आणि सह्याद्रीत नर येतात ते कर्नाटकातल्या काळी नदीच्या बाजूने, तिलारी-राधानगरीच्या पट्ट्यातून. दोन गट मिसळले म्हणून अनर्थ होईल असं नाही. लहान वस्तीला वैविध्याचा फायदाच अधिक होईल, असं मला वाटतं. पण मग चांदोलीतल्या प्रत्येक बछड्याची विष्ठा तपासली जायला हवी आणि निकाल लोकांसमोर यायला हवेत. शिवाय कोल्हापूर-सिंधुदुर्गातला तो अरुंद जंगलपट्टा खाणी, रस्ते आणि रबराच्या लागवडीखाली गेला, तर दक्षिणेकडून नर येणं थांबेल आणि आठ वाघांपासून वाढलेली सह्याद्रीची वस्ती काही पिढ्यांत सिमिलिपालच्याच वाटेला लागेल.