पडू नये म्हणून थोडं डगमगायला हवं

ज्येष्ठांच्या अनेक व्यायामवर्गांत सगळा तास खुर्चीत बसून जातो. हात वर-खाली, खांदे गोल, पाय जागच्या जागी. सांधे मोकळे होतात, चार माणसं भेटतात, मन ताजं होतं. हे सगळं चांगलंच आहे, पण पडण्याचा धोका त्यानं फारसा कमी होत नाही. कारण माणूस बसल्या जागी क्वचितच पडतो. तो पडतो उठताना, वळताना, पायरी उतरताना, अंधारात चाचपडताना. तोल जायची वेळ येते तेव्हा तो सावरता येणं हे वेगळं कसब आहे आणि ते उभं राहूनच कमवावं लागतं.

पासष्टीपुढच्या दर तिघांपैकी साधारण एक जण वर्षातून एकदा तरी पडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगभरात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडण्यामुळे दगावतात आणि त्यांत साठीपुढच्यांचं प्रमाण सर्वाधिक असतं. खुब्याचं हाड मोडतं ते बहुतेक वेळा कुशीवर पडल्यानं. हाड जोडलं तरी भीती राहते, भीतीपोटी चालणं कमी होतं, पाय आणखी दुबळे होतात आणि पुन्हा पडायची शक्यता वाढते.

तोल सांभाळायला मेंदूला तीन ठिकाणांहून बातमी लागते: डोळे, आतला कान आणि तळपाय-घोट्यांतली जाणीव. वयानुसार तिन्ही मंदावतात. स्नायूंची ताकदही घटते, पण त्याहून लवकर घटते ती ताकद झटकन वापरण्याची क्षमता. ठेच लागल्यावर पुढचं पाऊल वेळेत टाकायला नेमकी तीच लागते. हे सगळं सरावानं बऱ्याच अंशी परत मिळवता येतं, सत्तरीत आणि ऐंशीतही.

याचा पुरावा भक्कम आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात १०८ चाचण्या आणि २३ हजारांहून अधिक ज्येष्ठांची माहिती एकत्र तपासली गेली. व्यायामानं पडण्याचं प्रमाण सरासरी २३ टक्क्यांनी घटलं. तोलाचे आणि ताकदीचे व्यायाम एकत्र घेतले तिथे ही घट सुमारे ३४ टक्के होती. ताई-ची या संथ हालचालींच्या चिनी व्यायामप्रकाराचाही उपयोग दिसला. नुसत्या चालण्यानं पडणं कमी होतं, असं मात्र सिद्ध झालेलं नाही. सपाट रस्त्यावर सरळ चालणं पायांना पाठ असतं, त्यात तोलाची परीक्षा होतच नाही. चालणं हृदयासाठी जरूर ठेवावं, पण तोल आणि ताकदीच्या वर्गाची जागा ते घेऊ शकत नाही.

वर्गात घेण्याआधी प्रत्येकाची छोटी पारख करावी. पाय जुळवून उभं राहणं, मग एक पाऊल अर्धं पुढे, मग एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावून एका रेषेत, शेवटी एका पायावर; प्रत्येक स्थिती १० सेकंद. एका रेषेतली स्थिती १० सेकंद टिकली नाही तर धोका जास्त समजावा. दुसरी पारख म्हणजे हात छातीवर घेऊन ३० सेकंदांत खुर्चीतून किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजणं. हे आकडे लिहून ठेवावेत, दोन महिन्यांनी तेच पुन्हा घेता येतात. वर्षभरात दोनदा पडलेल्या, चक्कर येणाऱ्या किंवा शुद्ध हरपून पडलेल्या व्यक्तीनं आधी डॉक्टरांना दाखवावं. झोपेच्या गोळ्या, रक्तदाबाची औषधं किंवा उभं राहताच वरचा रक्तदाब २० अंकांनी उतरणं, अशी कारणं व्यायामानं सुटत नाहीत.

खुर्च्या जड, चाकं नसलेल्या आणि भिंतीला टेकवलेल्या असाव्यात. हलकी प्लास्टिकची खुर्ची आधाराला धरली की माणसासकट उलटते. पायात टाच बंद असलेले, सपाट, पातळ पण घट्ट तळाचे बूट हवेत. नुसते मोजे नकोत. एका प्रशिक्षकामागे दहा-बारा जण पुरेत आणि जोडीला एक मदतनीस हवाच.

सुरुवातीची दहा मिनिटं जागच्या जागी पावलं उचलण्यात आणि घोटे फिरवण्यात जातात. मग ताकद. सगळ्यात मोलाचा व्यायाम खुर्चीतून उठणं. खुर्चीच्या कडेवर पुढे सरकायचं, टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे घ्यायच्या, नाक पायाच्या बोटांवर येईल इतकं पुढे झुकायचं आणि उठायचं. बसताना मात्र चार आकडे मोजत बसायचं. इथेच बहुतेकांचं चुकतं: शेवटच्या वीतभर अंतरात धपकन बसतात. मांडीचे स्नायू शरीराचा भार धरून सावकाश लांबतात ते नेमकं त्या वीतभरात. पायरी उतरताना हेच काम करावं लागतं. हाताशिवाय जमत नसेल तर बैठकीवर घट्ट उशी ठेवून उंची वाढवावी. याखेरीज चवड्यांवर उभं राहणं, टाचांवर उभं राहणं आणि पाय बाजूला उचलणं, प्रत्येकी आठ-दहा वेळा, दोन फेऱ्या. शेवटचे दोन-तीन जड जायला हवेत. वीसही सहज झाले तर घोट्याला अर्धा किलोचं वजन बांधायची वेळ आली.

तोलाच्या व्यायामात सगळं कौशल्य आधार कमी करत नेण्यात आहे. आधी दोन्ही तळवे खुर्चीच्या पाठीवर, मग एक तळवा, मग चार बोटं, मग दोन बोटं, शेवटी हात खुर्चीच्या वर नुसता धरलेला. खुर्ची गच्च धरली की घोट्याचं काम हात करतो आणि घोटा काहीच शिकत नाही. प्रशिक्षकानं चेहऱ्याकडे कमी आणि पावलांकडे जास्त बघावं. एका रेषेत उभं राहिलेल्या माणसाच्या पावलाच्या वरच्या बाजूच्या स्नायूंच्या शिरा उठतात, दबतात, पुन्हा उठतात, घोटा बारीक थरथरतो. हवं ते हेच. पाऊल अगदी स्थिर असेल तर व्यायाम फार सोपा आहे. दर दोन सेकंदांनी खुर्ची पकडावी लागत असेल तर फार अवघड.

मग हालचालीतला तोल: बाजूला पावलं, मागे चालणं, इंग्रजी आठच्या आकारात चालणं, मध्येच थांबून वळणं. वळताना एका पायावर गिरकी घ्यायची नाही, छोटी-छोटी पावलं टाकत वळायचं. पुढची पायरी म्हणजे चालता-चालता बोलणं किंवा शंभरातून तीन-तीन वजा करणं. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका स्वीडिश अभ्यासात, गप्पा सुरू होताच चालायचं थांबणारे १२ ज्येष्ठ आढळले आणि पुढच्या सहा महिन्यांत त्यांतले १० जण पडले. साध्या चालण्यालाच ज्याचं सगळं लक्ष लागतं, त्याच्याकडे अचानक आलेल्या अडथळ्यासाठी काही शिल्लक राहत नाही.

छातीत दुखलं, चक्कर आली किंवा वाक्य पुरं करता येणार नाही इतकी धाप लागली तर तिथेच थांबायचं. हाडं ठिसूळ असलेल्यांनी कमरेत वाकून पिळण्याचे प्रकार टाळावेत, मणका दबू शकतो.

व्यायामाची मात्रा आठवड्याला तीन तास. तासाचे दोन वर्ग आणि घरी अर्ध्या तासाचे दोन सराव, असं ते बसवता येतं. निदान सहा महिने तरी चालू राहायला हवं आणि थांबवलं की फायदा ओसरतो. आजारपणानंतर परत आलेल्याला मागच्या पायरीवरून सुरू करू द्यावं. सगळ्यांना एकच पायरी लावणं ही वर्गातली सर्वात सामान्य आणि सर्वात महागात पडणारी चूक आहे: दुबळ्याला धोका, तगड्याला कंटाळा, आणि दोघंही यायचे बंद होतात.

पाय पुरेसे बळकट झाले की जमिनीवरून उठायला शिकवावं. हे बरेच वर्ग टाळतात, पण पडल्यावर हाड शाबूत असूनही उठता न आल्यानं माणसं तासन्‌तास पडून राहतात. अंग गारठतं, शरीरातलं पाणी घटतं, टेकलेल्या भागाची त्वचा दुखावते. थेट जमिनीवर झोपवून सुरुवात करू नये, उलट्या क्रमानं शिकवावं. आधी खुर्ची धरून एक पाऊल मागे, मग एक गुडघा उशीवर टेकून परत वर, मग दोन्ही गुडघे, मग हातांवर-गुडघ्यांवर, मग कुशीवर. प्रत्येक टप्प्यावरून वर येता आलं तरच पुढचा. ज्यांना गुडघे टेकताच येत नाहीत त्यांना कुशीवर वळणं, कोपरावर भार घेऊन सरकत फोनपर्यंत जाणं आणि मदत येईपर्यंत मिळेल ते पांघरून हातपाय हलवत राहणं शिकवावं.